रात्रभर तेल पाजा

गावात त्याला सगळे वायसर म्हणायचे. खरं नाव नव्हतं असं नाही, पण ते विजेच्या बिलावर आणि लग्नाच्या दाखल्यावर पडून राहिलं होतं. चाळीस वर्षं हापसे दुरुस्त करणाऱ्याला दुसरं काय नाव मिळणार? हापसा म्हणजे जमिनीतलं पाणी हाताने उपसायचा पंप, आणि वायसर म्हणजे त्याच्या पोटातली चामड्याची वाटी. दिसायला तळहाताएवढीसुद्धा नाही, पण तिच्यावाचून वरचा सगळा लोखंडी डामडौल म्हणजे नुसता खडखडाट. "अख्ख्या हापशाची अब्रू त्या एवढ्याशा चामड्यात असते," हे त्याचं लाडकं वाक्य. ते त्याने इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलं की लोकांनी शेवटी त्याचंच नाव वायसर ठेवून टाकलं.

असा तेलकट हातांचा माणूस सेवा मंडळात कसा शिरला, याचं पुष्कळांना कोडं होतं. मंडळात सगळी बडी मंडळी. दातांचा डॉक्टर अध्यक्ष, मग दोन वकील, फर्निचरवाला, औषधांच्या दुकानाची मालकीण आणि असेच आणखी काही. दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं, कॉफी-बिस्किटं घ्यायची आणि जगाचं कसं व्हायचं याची चिंता करायची. चिंता करण्यात कोणी कोणाला हार जात नसे. एका वर्षी मात्र त्यांनी खरंच काहीतरी करायचं मनावर घेतलं. समुद्रापलीकडच्या एका देशात, एका आडगावात, बाया तासभर चालत जाऊन नदीचं गढूळ पाणी आणत होत्या. तिथे हापसा बसवून द्यायचा असं ठरलं. वर्षभर जुनी पुस्तकं विकली, एक नाटक बसवलं (त्यात डॉक्टर राजा झाला होता आणि सिंहासनावर बसताच सगळी वाक्यं विसरला होता), पैसे उभे राहिले. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की हापसा आतून कसा असतो हे मंडळात एकालाही ठाऊक नाही. तेव्हा कुठे वायसरची आठवण झाली.

त्याने जीव ओतून काम केलं. पाइप स्वतः निवडले, दांडा स्वतः घासला, आणि एक बसवलेला आणि सहा जादा असे सात वायसर आपल्या हाताने कापून, साच्यात दाबून दिले. मंडळाने खूश होऊन त्याला सभासद करून घेतलं, कोटाला लावायचा बिल्ला दिला. कोट नव्हता, म्हणून तो बिल्ला शर्टालाच लावायचा.

हापसा तर निघाला, पण तिकडे तो बसवायचा आणि सांभाळायचा कसा, हे सांगणारा कागद हवा होता, आणि तोही त्यांच्या भाषेत. ही गोष्ट लोकांच्या खिशात फोन यायच्या आधीची. ती भाषा अख्ख्या गावात एकाच माणसाला येत होती, ते म्हणजे मास्तर. मास्तर मंडळाचे चिटणीस. तरुणपणी सात वर्षं त्या देशात शिकवून आलेले, आणि परत आल्यावर इथल्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलेले. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका ते रस्त्यात उभे राहून मोठ्याने सुधारत. न्हाव्याने त्यांच्या धाकाने तीनदा पाटी रंगवली होती. वायसर त्यांच्याच हाताखाली शिकला होता, सातवीपर्यंत. मास्तरांनी आपल्याला शेजारी खुर्ची द्यावी, आपण सांगावं आणि त्यांनी लिहावं, याचंच त्याला कोण कौतुक वाटलं होतं.

"वायसर बसवायच्या आधी त्याला रात्रभर तेल पाजा," वायसरने सांगितलं.

मास्तरांची लेखणी थांबली. "पाजा?"

"हो, पाजा. पाजायचंच असतं."

मास्तर गालातल्या गालात हसले आणि त्यांनी लिहिलं.

तीन-चार महिन्यांनी तिकडून पहिलं पत्र आलं. हापसा सांभाळायचं काम गावाने एका विधवा बाईकडे दिलं होतं. हापशाला कुलूप असायचं आणि किल्ली तिच्या कमरेला. पत्रं तीच लिहायची. ती मास्तरांच्या घरच्या पत्त्यावर यायची आणि गुरुवारी कॉफीनंतर मास्तर उभे राहून ती सगळ्यांना वाचून दाखवायचे. काय पत्रं असायची! पाणी कसं गार आहे, पोरींना आता शाळेत जायला वेळ कसा मिळतो, म्हातारी माणसंसुद्धा गंमत म्हणून दांडा कशी हलवून बघतात. सुरुवातीला नेहमी 'प्रिय दादा' असायचं. त्या शब्दाला मास्तर थांबत आणि वायसरकडे बघत, मग सगळेच बघत. औषधवाली एकदा डोळ्यांना रुमाल लावून बसली होती. मग मास्तर उत्तर लिहीत, वायसरला वाचून दाखवत, आणि खाली वायसर आपली वळणदार सही ठोकून देई. अशी नऊ पत्रं आली आणि नऊ उत्तरं गेली.

घरी त्याची बायको वैतागायची. "दीड वर्षं झालं, जेवताना तेच. तुमची ती तिकडची बहीण, तिचं पाणी अन्‌ तिच्या पोरी. इथे आपल्या मोरीचा नळ महिनाभर गळतोय, त्याचंही एखादं पत्र येऊ दे म्हणजे बघाल!"

"अगं, नळ काय, उद्या करतो," तो म्हणायचा. सख्खी बहीण त्याला नव्हती. साठीला आल्यावर अशी घरबसल्या मिळाली, तर कोण सोडेल?

दहावं पत्र मास्तरांच्या घरी गेलं नाही. एका मंगळवारी सकाळी वायसर मंडळाच्या खोलीत कॉफीच्या ओट्याचा नळ बदलत होता. तेवढ्यात पोस्टमन जिना चढून आला. पाकिटावर या वेळी मंडळाचा पत्ता होता, आणि पाकीट चांगलं गलेलठ्ठ. वायसरने हात पुसले, सही केली आणि सवयीने पाकिटावरून अंगठा फिरवला. आत काय आहे ते त्याला न फोडताच कळलं. चाळीस वर्षं तोच आकार बोटाखालून गेलेला.

आत एका दोरीत ओवलेले सात वायसर होते, आणि सोबत दोन पानी पत्र.

त्याने ते खिडकीपाशी नेले. सातही एकाच जागी, काठावर चिरलेले. पत्र त्याला वाचता येत नव्हतं, पण चामडं येत होतं. त्याने एकेक वायसर चिरेपाशी वाकवून बघितला. वरून काळपट, तेल लावलेलं, अगदी काळजीने, सगळीकडे सारखं. आत मात्र पांढरं फटफटीत, कोरडं ठाक. तेल वरवर फासलं होतं, पाजलं नव्हतं. असा वायसर दोन आठवड्यांच्या वर टिकत नाही. म्हणजे सातांचे मिळून तीन-साडेतीन महिने. त्यानंतर हापसा बंद. आणि हापसा बसून तर आता पावणेदोन वर्षं होत आली होती.

मग पत्रातलं ते गार पाणी कुठलं? बहुतेक बाईने आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लपवलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आणि आपणच तर सांगायला विसरलो नाही ना, या शंकेने तो नळ तसाच उघडा टाकून, पिशवीत दोरी आणि हातात पत्र घेऊन, मास्तरांच्या घराकडे जवळजवळ पळतच निघाला.

मास्तर व्हरांड्यात वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करत बसले होते. पत्र बघून ते जरा दचकले. "हे तुझ्याकडे कसं आलं?"

"मंडळात आलं. वाचा ना मास्तर, लवकर वाचा. काय म्हणतेय ती?"

मास्तरांनी चष्मा पुसला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. वायसर त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. आता बाई आपल्याला बोल लावणार, अशी त्याने मनाची तयारी करून ठेवली होती.

"प्रिय दादा," मास्तरांनी सुरुवात केली. आवाज नेहमीचाच, गुरुवारचा. "इकडे सगळं क्षेम आहे. हापसा छान चालला आहे. परवा शेजारच्या गावचे लोक मुद्दाम पाणी प्यायला आले होते. तुमच्या हातांना यश आहे दादा..."

वायसरला आधी काही समजेचना. मग एकदम समजलं. तो पायरीवर बसला. मास्तर वाचत होते. पोरी, शाळा, आभार. मधेच पान उलटत होते, जणू खरंच त्या पानावर ते होतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. सगळ्यांना नमस्कार सांगितलाय."

वायसरने पिशवीतून दोरी काढली आणि मास्तरांच्या वर्तमानपत्रावर ठेवली.

मास्तरांनी चष्मा काढला, परत घातला. हुशार पोराचं कॉपी करताना पकडल्यावर जसं तोंड होतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. जन्मभर त्यांनी ते दुसऱ्यांच्या तोंडावर बघितलं असेल.

"मास्तर, तो कागद. त्यात मी सांगितलं होतं, रात्रभर तेल पाजा. तुम्ही काय लिहिलंत?"

"तेल लावून बसवा, असं लिहिलं."

"का?"

"अरे, चामडं काय पितं? निर्जीव वस्तूला पाजता येत नाही. ते त्यांच्या भाषेत फार गावंढळ दिसलं असतं. मला वाटलं, तुझं बोलणं आहे, जरा नीट करून लिहावं. आणि तेल लावायला रात्र कशाला लागते, म्हणून तो शब्द गाळला." मास्तरांचा आवाज खाली खाली जात होता. "पहिल्याच पत्रात तिने विचारलं होतं, की तेल लावूनही चामडं का फाटतंय. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी तुला सांगणार होतो."

"मग?"

"गुरुवारी उभा राहिलो, तर सगळे एवढे आनंदात होते. तूही नवा बिल्ला लावून आला होतास. आणि सगळ्यांसमोर काय सांगू, की मास्तरांनी भाषांतर चुकवलं? म्हटलं, हे पत्र जाऊ दे, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी मागचंही सांगावं लागलं असतं."

एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, अशी नऊ. वायसरला राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली. भर सभेत मान ताठ करून आपण काय काय ऐकत बसलो होतो!

"आणि ते दादा?" त्याने विचारलं. हे विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं.

मास्तरांनी मान खाली घातली. "ते मी घातलं. ती 'महोदय' लिहायची."

आत घड्याळाचे टोले पडले. वायसर उठला, मास्तरांच्या समोरची खुर्ची ओढून बसला. शाळेत असल्यापासून तो त्यांच्यासमोर न विचारता कधी बसला नव्हता. "आता खरं वाचा. या पत्रात आहे तेच. एक शब्द नीट करू नका."

मास्तरांनी वाचलं. या वेळी आवाज गुरुवारचा नव्हता.

"महोदय, हे माझं शेवटचं पत्र. चिटणिसांच्या घरी पाठवलेली पत्रं तुम्ही स्वतः बघत नसाल, म्हणून हे संस्थेच्या पत्त्यावर पाठवते. मी दर वेळी विचारलं, की चामडं का फाटतं. दर वेळी तुम्ही सही करून लिहिलंत, की पंप उत्तम आहे, चूक वापरणाऱ्या हाताची आहे. इथे तुमची पत्रं सभेत वाचतात. पाच महिन्यांपूर्वी गावाने माझ्याकडून किल्ली काढून घेतली. आम्ही परत नदीवर जातो. वाटेत बायका माझ्याशी बोलत नाहीत, कारण माझ्या हाताने पाणी गेलं असं सगळे मानतात. मी सातही चामडी पाठवते आहे. तुम्ही खरंच कारागीर असाल, तर ती बघा आणि माझ्या हाताची चूक कुठे आहे ते मला दाखवा. नसाल, तर पुन्हा लिहू नका."

वायसर स्वतःच्या हाताकडे बघत होता. नऊ वेळा याच हाताने सही केली होती. वळणदार, खाली दोन टिंबं देऊन. आणि प्रत्येक सहीच्या वर, त्याला न कळणाऱ्या अक्षरांत, एका बाईच्या तोंडाला काळं फासलेलं होतं. सातही वायसरांना तिने किती सारखं, किती जिवापाड तेल लावलं होतं ते त्याने आत्ताच पाहिलं होतं. कागदात लिहिलं होतं तसंच, तंतोतंत. चूक नसलेला एकच हात या सगळ्यात होता, आणि तो तिचा.

"तुम्ही तुमची चूक नुसती लपवली असती तर मी गिळून टाकलं असतं मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही ती तिच्या गळ्यात बांधली. आणि गाठ माझ्या हाताने मारून घेतली."

मास्तर रडायला लागले. म्हातारा माणूस रडताना बघवत नाही, म्हणून वायसर उठून निघून गेला.

तो थेट दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून बाहेर येऊन सगळं ऐकून घेतलं. त्याला धक्का बसला, नाही असं नाही. पण मग त्याने हळूच वायसरच्या खांद्यावर हात ठेवला. "वायसरकाका, शनिवारी मुख्य संस्थेची माणसं येतायत. याच प्रकल्पासाठी मंडळाला मानचिन्ह मिळणार आहे. तेवढं होऊ दे, मग शांतपणे बघू. दुखतंय म्हणून आपण सुजलेल्या हिरडीतून लगेच दात उपटत नाही."

"पण दात त्या बाईचा दुखतोय डॉक्टर. तुमची भूल आम्हालाच कशाला?"

आतला पेशंट उघड्या तोंडाने काहीतरी ओरडला, त्याचं निमित्त करून डॉक्टर आत गेला. वायसरने शर्टाचा बिल्ला काढला आणि टेबलावर, दातांच्या जुन्या साच्यांशेजारी ठेवला. कोणी बघितलंही नाही.

घरी येऊन त्याने सात नवे वायसर कापले आणि तेलाच्या पातेल्यात बुडवून ठेवले. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. नेहमी जिभेला धार असणाऱ्या तिने आधी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "नुसते वायसर पाठवून कसं चालेल? किल्ली तिला मिळायला हवी. चूक तिची नव्हती, हे तिच्या गावाला कळायला हवं. ते काय चामड्यावर लिहिणार आहात?"

तिचं खरं होतं. तेल पाजलेलं चामडं बोटाने दाबलं की त्या बाईला युक्ती आपोआप कळली असती. पण चूक तुझी नव्हती, मला क्षमा कर, हे सांगायला शब्दच हवेत. आणि तिच्या भाषेतले शब्द गावात एकाच माणसाकडे होते. जिल्ह्याच्या ठिकाणी कोणी मिळेल का याची त्याने दुसऱ्या दिवशी चौकशी केली, वाचनालयात विचारलं, बंदरावर काम केलेल्या एका चुलत मेहुण्याला फोन लावला. कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो परत मास्तरांच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

"लिहा," तो म्हणाला.

मास्तर जणू वाटच बघत होते. कागद पुढे ओढून त्यांनी लिहायला घेतलं. वायसर एकेक वाक्य सांगत गेला. चूक तुमच्या हाताची नाही. कागदात तेल पाजा असं हवं होतं, ते चुकीचं लिहिलं गेलं. चूक आमची आहे आणि हे पत्र तुमच्या गावच्या सभेत वाचावं. तुमची सातही चामडी मी बघितली, इतकं नीट काम मी माझ्या हाताखालच्या कोणाचंही बघितलेलं नाही. मला क्षमा करा.

"वाचून दाखवा."

मास्तरांनी वाचलं. शब्दन्‌शब्द बरोबर, त्याने सांगितला तसाच. कुठे अडखळले नाहीत. नवव्या पत्राचं उत्तर वाचतानाही अडखळले नव्हते.

"पाजा असंच लिहिलंय ना?"

"तसंच लिहिलंय. तुझी शपथ."

वायसर त्या अक्षरांकडे बघत राहिला. खरी आणि खोटी अक्षरं दिसायला सारखीच होती. मास्तरांचे डोळे ओले होते, आणि तो माणूस या वेळी खरं बोलत असेल असं शंभरातल्या नव्वद वेळा वाटत होतं. उरलेल्या दहांसाठी त्याच्याकडे काही इलाज नव्हता. त्याने पेन घेतलं आणि सही केली.

पत्र मास्तरांनी घडी घालून पाकिटात घालू का म्हणून विचारलं, तर त्याने त्यांच्या हातातून घेतलं. ते मागून काहीतरी बोलले, ते त्याने ऐकलं नाही. पोस्टात जाऊन त्याने वायसरांचा डबा आणि पत्राचं पाकीट खिडकीवर ठेवलं. आतली बाई परदेशी पार्सलाचा फॉर्म भरत होती.

"आत काय आहे?"

"चामड्याचे वायसर. सात. तेल पाजलेले."

"आणि पाकिटात?"

"पत्र."

"कोणी लिहिलंय?"

"मी."

"मग सांगा, कशाबद्दल आहे? इथे लिहावं लागतं."

वायसरने पाकीट उचलून उलटसुलट बघितलं. मागे रांगेत कोणीतरी खाकरलं. बाईने पेन रोखून वर बघितलं.

"लवकर बोला काका. स्वतःच्याच पत्रात काय लिहिलंय, ठाऊक नाही का?"

"नाही हो, बाई," तो म्हणाला. "मला ठाऊक नाही."